मामूंची पेटी आणि बक ओनील

आमच्या बेगमचे आमच्याविषयी एक जुने गाऱ्हाणे आहे. "तुम्ही एक वस्तू हातात घेता आणि चार पसरून ठेवता." गाऱ्हाणे खरे आहे. रात्री जेवणे आटोपली की आम्ही घटकाभर जॅझ ऐकायला बसतो. वाजवणारा कोण, हे पाहायला पुस्तक काढतो. पुस्तकात एखाद्या शहराचे नाव येते, म्हणून मुलीच्या शाळेचा नकाशा मागून घेतो. मग त्या शहरावरचा माहितीपट टीव्हीवर लावतो. अकरा वाजता बेगम दिवा मालवायला येते, तेव्हा आम्ही बेसबॉलचे नियम समजून घेत बसलेलो असतो. ज्या देशात कधी पाऊल ठेवले नाही, त्या देशाचा खेळ!

संगीताबद्दल आपल्या आलिमांमध्ये मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. ज्या घरात ते ऐकले जात नाही, त्या घराच्या निर्णयाचा आम्हाला आदर आहे. आज सांगायची गोष्ट सुरांची कमी आणि एका माणसाची जास्त आहे.

हा शौक आम्हाला लागला तो मामूंमुळे. मामू रत्नागिरीकडचे, जहाजावर खलाशी. वर्षा-दीड वर्षाने घरी येत, तेव्हा साबणाच्या वड्या, आम्हा पोरांसाठी चॉकलेट आणि एका पत्र्याच्या पेटीत तबकड्या असत. नानी कपाळाला हात लावी. आम्हाला मात्र तो ट्रंपेटचा आवाज कुठल्या तरी दूरच्या बंदरावरून हाक मारल्यासारखा वाटे.

जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत. एक ठरलेली चाल असते. ती एकदा सगळे मिळून वाजवतात. मग ज्याची पाळी येईल तो तिच्यावर आपल्या मनाने सूर रचतो आणि बाकीचे त्याला साथ देतात. पाळी संपली की त्यानेही दुसऱ्याला साथ द्यायची. या मंडळींतल्या अनेकांनी पुढे इस्लाम स्वीकारला. पियानोवादक अहमद जमाल हे त्यांतले एक. दुसरे युसूफ लतीफ. त्यांना तर 'जॅझ' हा शब्दच आवडत नसे. त्यांनी शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, तीही पाश्चात्त्य आणि इस्लामी शिक्षणपद्धतींवर प्रबंध लिहून. दारू विकली जाते तिथे वाजवायचे नाही, असेही त्यांनी पुढे ठरवले.

पण आम्हाला बेसबॉलपर्यंत नेले ते चार्ली पार्करने. सॅक्सोफोन वाजवणारा हा विलक्षण माणूस १९२० साली जन्मला आणि कॅन्सस सिटी शहरात वाढला. नशेने त्याला पोखरले आणि १९५५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या शहराची माहिती काढताना आम्हाला दिसले की, त्याच १९२० साली, त्याच शहरात आणखी एक गोष्ट जन्माला आली होती. ती म्हणजे कृष्णवर्णीयांची बेसबॉल लीग.

त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या संघांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. तसा लेखी नियम कुठे नव्हता, पण घेत कोणालाच नसत. तेव्हा रूब फॉस्टर नावाच्या खेळाडू-व्यवस्थापकाने कॅन्सस सिटीत इतर संघमालकांना एकत्र बसवले आणि आपली स्वतंत्र लीग उभी केली. त्या शहराचा संघ 'मोनार्क्स'. या संघाने १९३० साली दिवे ट्रकवर लादून गावोगावी रात्रीचे सामने खेळवले. मोठ्या लीगला पहिला रात्रीचा सामना घ्यायला त्यानंतर पाच वर्षे लागली.

शहरातला अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता जिथे मिळतात, तो कृष्णवर्णीयांचा मोहल्ला. खेळाडू आणि वादक एकाच हॉटेलात उतरत, एकाच टेबलावर जेवत. रविवारी मोनार्क्सचा सामना असला की चर्चमधली प्रार्थना तासभर अलीकडे घेत, म्हणजे लोक तिथून थेट मैदानावर जाऊ शकत. ही आठवण सांगणाऱ्या माणसाचे नाव बक ओनील.

बक जन्मले १९११ साली, फ्लोरिडात. लहानपणी सेलरीच्या शेतात खोकी वाहिली. सॅरासोटा गावातली हायस्कूल गोऱ्या मुलांसाठी होती, म्हणून शिकायला दुसऱ्या गावी जावे लागले. १९३८ साली ते मोनार्क्समध्ये आले, पुढे त्याच संघाचे व्यवस्थापक झाले. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये खेळला आणि बंद दार उघडले. दोन वर्षांपूर्वी तो मोनार्क्सचाच खेळाडू होता. पण तेव्हा बक पस्तिशीत होते, खेळाडू म्हणून त्यांचे दिवस सरत आले होते. दार उघडले ते त्यांच्यामागून आलेल्यांसाठी. १९६२ साली ते शिकागोच्या संघात प्रशिक्षक झाले. मोठ्या लीगमधले ते पहिले कृष्णवर्णीय प्रशिक्षक.

लोक त्यांना म्हणत, तुम्ही फार लवकर जन्मलात. त्यांनी आत्मचरित्र लिहिले, त्याच्या नावातच या हळहळीला उत्तर आहे. आपण अगदी वेळेवर आलो, असे ते नाव सांगते.

आमची त्यांची ओळख झाली ती केन बर्न्स यांच्या 'बेसबॉल' या मालिकेतून. १९९४ च्या सप्टेंबरात ती अमेरिकेत प्रथम दाखवली गेली. त्या वर्षी खेळाडूंच्या संपामुळे खरा बेसबॉल बंद पडला होता आणि लोक घरी बसून बेसबॉलचा इतिहास पाहत होते. पडद्यावर ब्याऐंशी वर्षांचे बक बोलू लागले की खेळाची माहिती नसलेला माणूसही खुर्ची पुढे ओढतो. आमची बेगम दिवा मालवायला आली होती, ती दिव्याच्या बटणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आपल्या मामूंसारखे बोलतात."

आता खरी गोष्ट. २००६ साली बेसबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'ने, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मान यादीने, जुन्या कृष्णवर्णीय लीगमधल्या माणसांची खास समितीकडून निवड करवली. बक चौऱ्याण्णव वर्षांचे होते. यादीत त्यांचे नाव येणार, अशी साऱ्यांची खात्री होती. समितीने सतरा जणांना निवडले. त्यांत एफा मॅन्ली या संघमालकीणबाई होत्या, या यादीत आलेल्या पहिल्या स्त्री. बक यांचे नाव नव्हते. मते कमी पडली होती.

निवडलेल्या सतरापैकी एकही जण हयात नव्हता. त्यांच्या वतीने बोलायला कोणीतरी हवे होते. बोलावणे गेले ते बक यांना. आणि ते गेले! जुलैच्या उन्हात उभे राहून त्यांनी त्या सतरा जणांचे गुण गाईले, समोर बसलेल्या नामवंतांना एकमेकांचे हात धरायला लावले, स्वतःबद्दल तक्रारीचा एक शब्द काढला नाही. ऑक्टोबरात ते वारले. त्यांची निवड झाली २०२१ साली आणि सोहळा झाला २०२२ साली. तोवर त्यांना जाऊन पंधरा वर्षे उलटली होती.

हे ऐकून मुलीने विचारले, "अब्बू, त्यांना राग आला नसेल?" आला असेल. माणूस होते. पण सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे आम्हाला त्यांच्याकडे पाहून कळले. सब्र करणारा माणूस त्या वेळात काम करतो. बक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० साली एका लहानशा खोलीत आपल्या लीगचे संग्रहालय सुरू केले होते. खोलीचे भाडे ते आळीपाळीने भरत. आज ते संग्रहालय अठराव्या रस्त्यावरच्या मोठ्या इमारतीत आहे आणि त्याच छताखाली शेजारी जॅझचे संग्रहालय आहे. कोणी आपली नोंद घेत नाही म्हणून रडत बसण्याऐवजी त्यांनी नोंदवही स्वतः उघडली.

तिचा उपयोग झाला. जुने कागद, वर्तमानपत्रांतले धावफलक शोधून अभ्यासकांनी हिशेब जुळवले. २०२० च्या डिसेंबरात १९२० ते १९४८ मधल्या त्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ साली त्यांचे आकडे मुख्य विक्रमांत धरले गेले. जॉश गिब्सन हा त्या लीगचा फलंदाज १९४७ मध्येच वारला होता. आता फलंदाजीच्या सरासरीत तो सगळ्या इतिहासात पहिला आहे. २०२४ साली त्याची सरासरी हजारात ३७२ धरली गेली. म्हणजे दहा वेळा उभा राहिला तर चार वेळाही चेंडू धड लागला नाही, तरी तो सर्वांत श्रेष्ठ! परीक्षेत दोन गुण कमी पडले म्हणून घरात रुसून बसणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा.

आणि आमची नोंदवही? मामू वारले तेव्हा ती पत्र्याची पेटी आमच्याकडे आली. घर लहान होते, लग्नकार्य जवळ आले होते. आम्ही पेटी भंगारवाल्याला दिली, वजनावर. दुसऱ्या कोणाचा यात दोष नाही, ती आम्हीच उचलून दारात नेऊन ठेवली. तबकड्यांचे दुःख नाही, ते सूर आज कुठेही मिळतात. दुःख याचे आहे की, कोणती तबकडी कोणत्या बंदरात घेतली, घरापासून वर्षभर दूर असताना ती कोणाबरोबर ऐकली, जहाजावर ईद कशी होई, हे आम्ही मामूंना एकदाही विचारले नाही. ते ओट्यावर बसलेले असत. आम्ही घाईत असू.

परवा बेगमने शंभर पानी वही आणून समोर ठेवली. म्हणाली, "बक ओनील पुरे झाले. उद्या मोठ्या खालाकडे चला." खाला आता ऐंशीच्या घरात आहेत. मामूंच्या त्या धाकट्या बहीण. आम्ही गेलो. चहा झाला, मुलीने पेन उघडले आणि विचारले, "नानी, मामू पहिल्यांदा जहाजावर गेले तेव्हा काय झाले होते?"

खाला थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लिही. त्या दिवशी पाऊस होता."