मालक मॅचला आले होते!

फुटबॉल क्लबात नव्याने पैसे घातलेला माणूस पहिल्यांदा घरच्या मैदानावर मॅच बघायला येतो, तेव्हाचा फोटो तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असेल. गळ्यात क्लबचा मफलर, चेहऱ्यावर नवरदेवाचं हसू, आजूबाजूला पदाधिकारी, आणि मागे खालच्या डिव्हिजनचं अर्धं रिकामं स्टँड. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं की मालकांनी प्रेक्षकांसोबत सामन्याचा आनंद लुटला. मला या फोटोचा राग आहे. त्यातल्या माणसाचा नाही, फोटोचा. कारण तो डेमो असतो! आपण सगळे ज्या धंद्यात आहोत तिथे डेमो आणि प्रॉडक्शन यातला फरक वेगळा समजावून सांगायला नको. डेमोला साहेब असतात, क्लायंट असतो, वर बिर्याणीही असते. पण रात्री अडीचला सर्व्हर झोपल्यावर अंथरुणातून कोण उठतं, त्यावरून सिस्टीम कोणाची ते कळतं.

हे आत्ताच का? तर आम्हा बारामती-इंदापूरकडच्या, पण सध्या हिंजवडी, खराडी, बंगळूर नाहीतर न्यू जर्सीत कळफलक बडवणाऱ्या मंडळींचा एक ग्रुप आहे. तिथे टूम निघाली आहे की आपल्या भागाचा एक फुटबॉल क्लब काढायचा. सुरुवात अगदी खालच्या डिव्हिजनपासून, आणि त्यासाठी "एक मोठा इन्व्हेस्टर पकडायचा". पकडायचा म्हणे, जणू उजनीतला चिलापी! एकाने लगेच वेंकीजचं उदाहरण दिलं: पुण्याच्या माणसांनी इंग्लंडातला क्लब घेतला, मग आपल्याकडे कोणी का घेणार नाही? दुसऱ्याने रेक्सहॅमचं दिलं. दोन्ही उदाहरणं चांगली आहेत. फक्त दोघांनीही ती उलटी वाचली आहेत असं माझं म्हणणं आहे.

आधी वेंकीज. नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या राव कुटुंबाच्या कंपनीने ब्लॅकबर्न रोव्हर्स घेतला. सुमारे २ कोटी ३० लाख पौंड देऊन, ९९.९ टक्के. (हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) ब्लॅकबर्न म्हणजे काही मँचेस्टर नव्हे, लँकशायरमधलं जुन्या कापडगिरण्यांचं गाव. पण १९९५ मध्ये या गावाने प्रीमियर लीग जिंकली होती, कारण जॅक वॉकर नावाच्या तिथल्याच पोलाद व्यापाऱ्याने आपला पैसा त्यात ओतला. तो राहायला जर्सी बेटावर असला तरी जीव ब्लॅकबर्नमध्ये. २००० मध्ये तो वारला, क्लब त्याच्या ट्रस्टकडे गेला, आणि दहा वर्षांनी ट्रस्टने विकून टाकला. म्हणजे बघा, मालक सोन्यासारखा होता तरी गावाच्या हातात शेवटी काय राहिलं? आपल्या भाषेत याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

नवे मालक आले आणि महिन्याच्या आत मॅनेजर सॅम अलार्डाइसला घरी पाठवलं. मग रोनाल्डिन्यो येणार अशा बातम्या. मग खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये चिकन खायला लावणारी जाहिरात. ऑक्टोबर २०११ मध्ये, लीगमध्ये तळाशी घुटमळत असताना, संघ बालेवाडीला आला आणि पुणे एफसीला ३-० हरवून गेला. तेव्हा आपण इथे केवढे खूष होतो! "आपला" क्लब म्हणून पेपरांनी रकाने भरले. मे २०१२ मध्ये विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून खाली गेलं. त्या मॅचला कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. त्यानंतरच्या एका हंगामात मॅनेजर कपड्यांसारखे बदलले. एक ५७ दिवस टिकला, त्याच्या पुढचा ६७. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या पातळीवर गेला, तो २०१८ ला परत वर आला. आणि या सगळ्या काळात मालक मैदानावर जवळजवळ दिसतच नाहीत, हे तिथल्या लोकांचं कायमचं दुखणं.

आता मला जे खरं खुपतं ते सांगतो. आमच्या घरी इंदापूर तालुक्यात ब्रॉयलरची शेड आहे, कंत्राटी पद्धतीची. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. शेड, पाणी, लाईट, खाली टाकायचं भाताचं तूस आणि मजुरी आमची. चाळीसेक दिवसांनी पक्षी सव्वादोन-अडीच किलोचे झाले की गाडी येते, आणि आम्हाला किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. सुपरवायझर येतो, मरतूक किती, खाद्य किती उडालं, वजन किती, हे लिहून घेतो. कागदावर सगळं बरोबर असतं. तरी आमचे काका पहाटे शेडचा पडदा वर करून आत एक पाऊल टाकतात आणि नुसत्या आवाजावरून सांगतात, की आज काहीतरी बिघडलंय. पक्ष्यांची कुरकुर बदललेली असते, नाहीतर तुसाचा वास डोळ्यांना झोंबत असतो. कागदावर ते दोन दिवसांनी येतं, तोवर शंभरेक पक्षी गेलेले असतात. कोंबडीच्या धंद्यात मोठं झालेल्या माणसांना ही गोष्ट मी काय सांगणार? त्यांनी ती मला शिकवावी. मग ३० हजारांच्या मैदानावर लोकांची कुरकुर बदलली होती, ती त्यांना इतकी वर्षं कशी ऐकू गेली नाही?

आता तुम्ही म्हणाल, पैसे तर त्यांनीच घातले ना? घातले, आणि भरपूर घातले. दोनशे दशलक्ष पौंडांच्या वर. दरवर्षीचा तोटा मुकाट भरला. ईडीची चौकशी लागल्यावर इथून पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली, तरी क्लब बंद पडू दिला नाही. ही लहान गोष्ट नाही. तिथून जवळच बरी नावाचा शंभर वर्षांहून जुना क्लब होता. डिसेंबर २०१८ मध्ये तो एकाने १ पौंडाला घेतला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांअभावी तो लीगमधून हाकलला गेला. बरीत फुटबॉल क्लब आहे हेच आपल्याला आधी ठाऊक नव्हतं, असं त्या मालकाने वर सांगितलं! त्याच्यापुढे वेंकीज देवमाणसं. पण तोटा भरणं आणि जबाब देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरभाडं वेळेवर पाठवणारा बाप आणि घरी येणारा बाप यात फरक असतोच ना.

याउलट रेक्सहॅम. वेल्समधला हा क्लब २००८ पासून पाचव्या पातळीवर पडलेला. २०११ मध्ये बुडायला आला तेव्हा गावकऱ्यांनी एका दिवसात लाखाहून जास्त पौंड जमवले आणि पाठीराख्यांच्या ट्रस्टने क्लबच ताब्यात घेतला. जवळजवळ दहा वर्षं लोकांनी तो चालवला. पहिला क्रमांक नाही, झगमगाट नाही, पण कर्ज वाढू न देता. मग २०२० मध्ये रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी हे दोन नट आले. त्यांना सभासदांपुढे योजना मांडावी लागली, क्लबचं नाव, गाव आणि वारसा जपायचं वचन द्यावं लागलं. सभासदांनी मतदान केलं. ९८ टक्क्यांहून जास्त बाजूने. मग कुठे फेब्रुवारी २०२१ मध्ये २० लाख पौंडांची गुंतवणूक घेऊन ते आत आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ते पहिल्यांदा मॅचला आले. मेडनहेडला बाहेरची मॅच हरले, आणि चार दिवसांनी घरच्या मैदानावर टॉर्कीशी १-१. तो फोटो जगभर गेला. २०२३, २०२४, २०२५ अशा सलग तीन बढत्या मिळाल्या, आणि २०२५-२६ च्या हंगामात रेक्सहॅम आणि आपलं ब्लॅकबर्न एकाच डिव्हिजनमध्ये!

आमच्या ग्रुपला यात हॉलिवूड दिसलं. मला ते ९८ टक्के दिसतात. त्या दिवशी रेक्सहॅमच्या मैदानावर यजमान लोक होते आणि पाहुणे ते दोघे. ब्लॅकबर्नला ९९.९ टक्के विकून झाले होते, तिथे लोकच पाहुणे. (अर्थात, रेक्सहॅमच्या लोकांनीही आता मालकी सोडलीच आहे. पुढचा मालक कसा निघेल याची हमी त्यांनाही नाही. जर्मनीत म्हणून निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडेच ठेवायचा नियम आहे.)

पुण्यात आपण काय पाहिलं? अशोक पिरामल ग्रुपचा पुणे एफसी २००७ चा, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, २०१५ मध्ये गुंडाळला. भारत एफसी एक हंगाम. डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये दोन हंगाम. एफसी पुणे सिटीच्या सहमालकांत आधी हृतिक रोशन, नंतर अर्जुन कपूर, फोटोंना तोटा नाही. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादला गेली, तिथून २०२५ मध्ये दिल्लीला. बालेवाडीच्या स्टँडात ओरडणाऱ्या पोरांना कोणी विचारलं का? विचारायचं कशाला, त्यांच्याकडे होतंच काय!

आणि हे आपण बारामती-इंदापूरवाल्यांनी विसरावं याचं नवल वाटतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती. आपल्या घरात कोणाचा ना कोणाचा शेअर आहेच. एक सभासद, एक मत, मग ऊस दोन एकर असो की वीस. सहकाराची आरती ओवाळायची नाहीये मला. पॅनेल, पाहुणेरावळे, एकाच घरातली सत्ता, बुडवून मग स्वस्तात विकलेले कारखाने, सगळं माहिती आहे. सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत विषय वाचून व्हायच्या आत पुढच्या रांगा "मंजूर, मंजूर" ओरडतात, तेही ऐकलंय. पण त्याच मांडवात मागून एखादा म्हातारा उठतो आणि शेजारच्या कारखान्याने टनाला एवढे जास्त दिले, तुम्ही का नाही, असं माईक ओढून विचारतो. चेअरमनला तिथे बसावं लागतं. उत्तर गोलमाल असेल, पण द्यावं लागतं, आणि पाच वर्षांनी त्याच म्हाताऱ्याच्या दारात मत मागायला जावं लागतं. ब्लॅकबर्नच्या माणसाला हे कधी मिळालं नाही. त्याने मग कोंबडी सोडली.

कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींचे संघ खेळतात तेव्हा जी गर्दी होते ती पुण्याच्या कुठल्या फ्रँचायझीला जमली? तिथेही भांडणं आहेत, बाहेरून आणलेल्या खेळाडूंच्या मानधनाचा घोळ आहे. पण पाटाकडील तालीम उद्या हैदराबादला गेली, अशी बातमी तुम्ही कल्पनेत तरी वाचू शकता का?

म्हणून मी ग्रुपवर दुसरा हिशोब टाकला. ५०० सभासद, प्रत्येकी महिना २०० रुपये, म्हणजे वर्षाला १२ लाख. एवढ्यात आय-लीग होत नाही. पुणे जिल्ह्याच्या लीगमध्ये खालून सुरुवात करायला, बूट, प्रवास आणि एका कोचच्या पगाराला पुरावेत. मत प्रत्येकाला एक. मोठा गुंतवणूकदार आला तर त्याला ४९ टक्क्यांपर्यंत घ्या, पण वर्षातून एकदा इंदापुरात किंवा बारामतीत मांडवात बसून प्रश्न ऐकायची अट करारात घाला, आणि मैदान व नाव कराराबाहेर ठेवा. आतापर्यंत ३१ अंगठे आले आहेत. "पैसे कुठे भरायचे" असं विचारणारे ४.