मिरवणूक की धिंड?

एखाद्याला वाजतगाजत रस्त्याने नेले, तर ते सन्मानासाठी की अपमानासाठी हे मराठीत एका शब्दात कळते : मिरवणूक किंवा धिंड. ख्रिस्ती शास्त्रातील राजविजयाच्या प्रतिमांना हे दोन्ही शब्द एकाच वेळी लागू पडतात, आणि तिथेच वाचणाऱ्यांची फसगत होते. श्रद्धावंत त्यांत आपल्या पक्षाचा जयघोष ऐकतात, विरोधक स्वारीची धमकी ऐकतात. माझ्या मते दोघांची चूक एकच : दोघेही या प्रतिमा प्रशस्ती म्हणून वाचतात.

प्रशस्ती म्हणजे काय, हे पाहायला चाळीसगावकरांना दूर जावे लागत नाही. पाटणादेवी परिसरातील शके ११२८ चा शिलालेख हा भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाचा दानलेख आहे. (गणिताच्या मठाला मिळालेले दान दगडावर कोरले जावे, हा स्वतंत्र धाग्याचा विषय.) प्रसंग विद्येचा, तरी यादव राजे आणि त्यांचे मांडलिक निकुंभ यांची स्तुती त्यात आहेच. त्या काळाची ती रीत होती. प्रशस्तीत कवी नेहमी राजाच्या बाजूने उभा असतो. हरलेला दिसतो तो फक्त राजाच्या पायाशी.

रोममध्ये हीच प्रशस्ती रस्त्यावर चालत असे. विजयी सेनापती जांभळ्या वस्त्रात, चार घोड्यांच्या रथात. पुढे लूट आणि साखळदंडातले कैदी. वाटेवर धुपाचा दरवळ. सेनापतीची मिरवणूक आणि कैद्यांची धिंड एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. यरुशलेमच्या पाडावानंतर इ. स. ७१ मध्ये वेस्पासियन आणि तीतस यांनी असा सोहळा केला, तेव्हा यहुदी बंडाचा पुढारी शिमोन बर गियोरा यास अखेरीस ठार करण्यात आले. मंदिरातला सात शाखांचा दीपवृक्ष कसा वाहून नेला, ते रोममधील तीतसच्या कमानीवर आजही दिसते.

करिंथ नगरीला हे समजावून सांगावे लागत नव्हते. इ. स. पू. १४६ मध्ये रोमन सेनापती मुम्मियसने ते नगर बेचिराख केले आणि त्याचाच विजयोत्सव रोममध्ये मिरवला; सुमारे शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसविले. त्या नगरातल्या मंडळीला पाठविलेल्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःला देवाच्या विजययात्रेत पाहतो. पण कुठे? त्याने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचे कर्म माणूस असले, की अर्थ होतो जिंकलेल्याला मिरवत नेणे. म्हणजे पौल रथात नाही, साखळीत आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने त्याला विजेता करून टाकले. अलीकडचे पुष्कळ अभ्यासक कैद्याचाच अर्थ मानतात. लगेच पुढे तो सुगंधाचा दाखला देतो, काहींना जीवनाचा आणि काहींना मरणाचा. वाटेवरचा तोच धूप सेनापतीला एक सांगत असणार आणि मरणाकडे निघालेल्या कैद्याला दुसरेच.

गाढवाच्या बाबतीतही आपला कान फसतो. आपल्याकडे गाढवावर बसविणे म्हणजे धिंडच. शिलाहार-यादवकाळातल्या गधेगाळांवरही गाढव येते ते शापवाणीसाठी. त्यामुळे झावळ्यांच्या रविवारी येशू गाढवावरून यरुशलेमात शिरतो, यात राजेपण कुठले, असे मराठी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. जखऱ्याच्या ग्रंथात मात्र गाढवावरून येणाऱ्या राजाबरोबर रथ आणि युद्धधनुष्ये नाहीशी होतात. खरी धिंड निघते ती आठवडा सरण्यापूर्वी : सैनिक त्याला जांभळे वस्त्र आणि काट्यांचा मुकुट घालून राजा म्हणून हिणवतात. आणि कलस्सैकरांस लिहिलेले पत्र त्याच क्रूसाच्या संदर्भात सांगते की उघडी पडली, धिंड निघाली, ती सत्ताधीशांची.

प्रकटीकरणातला पांढऱ्या घोड्यावरचा स्वार ही सर्वांत अवघड जागा. लढाईआधीच त्याचे वस्त्र रक्ताने माखलेले आहे. ते रक्त शत्रूंचे की त्याचे स्वतःचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि यशयाच्या ग्रंथातली जुनी प्रतिमा पाहता पहिला अर्थ सहज झटकता येत नाही. पण त्याच पुस्तकात यहूदाच्या सिंहाची घोषणा होते आणि प्रत्यक्षात समोर येतो तो वधलेला कोकरा. या दृश्याच्या बळावर मी दुसरा अर्थ स्वीकारतो.

सत्ता हाती आलेल्या ख्रिस्ती राज्यकर्त्यांनाही हा अर्थ पेलला नाही, याची साक्ष खानदेशापासून दूर, पण मराठीच्या शेजारी, जुन्या गोव्यात उभी आहे. फ्रान्सिस्को द गामाने १५९९ मध्ये उभारलेल्या कमानीखालून नवा व्हाइसरॉय नगरात शिरे. तिच्या एका अंगाला हाती तलवार घेतलेली स्त्री आहे आणि तिच्या पायाखाली एक पगडीवाला पडलेला आहे. ही शुद्ध प्रशस्ती झाली, पाटणच्या लेखाहून कितीतरी उद्धट. पौलाच्या पत्राप्रमाणे त्या शिल्पात प्रेषिताची जागा शोधायची, तर ती खाली, पगडीवाल्याच्या शेजारी सापडेल.