लवाद नेमणारच कोणी उरला नाही तेव्हा : सुलूचा दावा आणि आपले करारनामे

1492 कोटी डॉलर. म्हणजे एक लाख कोटी रुपयांहून जास्त. एवढी रक्कम मलेशियाने सुलूच्या सुलतानाच्या वारसांना द्यावी, असा निवाडा फेब्रुवारी 2022 मध्ये पॅरिसमध्ये बसलेल्या एका स्पॅनिश लवादाने, गोन्झालो स्टाम्पा यांनी, एकट्याने दिला. एवढा मोठा आकडा आला कुठून? 1878 सालच्या एका करारातून.

सुलू ही आजच्या फिलिपाइन्सच्या दक्षिण टोकाची जुनी मुस्लिम सल्तनत. बोर्निओच्या उत्तर भागावर, म्हणजे आजच्या मलेशियातल्या साबाहवर, तिचा हक्क सांगितला जाई. जानेवारी 1878 मध्ये सुलतान जमालुल आलम यांनी हा मुलूख ओव्हरबेक आणि डेंट या दोन युरोपीय व्यापाऱ्यांना वर्षाला 5000 डॉलरच्या बदल्यात दिला. करार मलय भाषेत, अरबी लिपीत. त्यातला 'पजाकन' हा एक शब्द आजपर्यंत भांडणाचं मूळ आहे. वारस म्हणतात तो भाडेपट्टा, मलेशिया म्हणतो मुलूख कायमचा दिला. 1903 मध्ये रक्कम 5300 झाली. पुढे कंपनी गेली, ब्रिटिश गेले, 1963 मध्ये मलेशिया बनला, तरी दरसाल 5300 रिंगिट वारसांना पोहोचत राहिले. आजच्या हिशोबाने साधारण लाखभर रुपये. 2013 मध्ये सुलूहून आलेली हत्यारबंद टोळी साबाहच्या लहाद दातू भागात उतरली, माणसं मेली, आणि मलेशियाने पैसे बंद केले.

इथपर्यंत वारसांची तक्रार आपल्याला समजू शकते. दीडशे वर्षांपूर्वी एका वाडवडिलाने कागदावर सही केली, त्या जमिनीत पुढे तेल निघालं आणि आपल्या वाट्याला लाखभर रुपये. राग येणारच. शिवाय हल्ला करणाऱ्यांशी आपला संबंध नाही, असं दावा लावणाऱ्या वारसांचं म्हणणं होतं. पण रागावर लवाद उभा राहत नाही. लवादाला दोन्ही बाजूंची संमती लागते. गावच्या जमातीत दोन भाऊ जेव्हा तिसऱ्याला मध्ये घालतात, तेव्हा आधी दोघांनीही 'हा चालेल' म्हणावं लागतं. न्यूयॉर्कचा 1958 चा आंतरराष्ट्रीय करार, ज्याच्या जोरावर एका देशातला निवाडा 170 हून अधिक देशांत वसूल होऊ शकतो, तोही याच पायावर आहे.

मग 1878 च्या करारात संमती कशाला होती? वाद झाला तर तो ब्रुनेईतल्या ब्रिटिश कॉन्सल जनरलकडे न्यावा, एवढंच. ते पद केव्हाच संपलं. वारसांनी माद्रिदच्या कोर्टाकडून 2019 मध्ये स्टाम्पा यांची नेमणूक करून घेतली. 2021 मध्ये त्याच कोर्टाने ती रद्द केली, कारण मलेशियाला नोटीसच नीट मिळाली नव्हती. स्टाम्पा थांबले नाहीत. त्यांनी लवादाचं ठिकाण उचलून पॅरिसला नेलं आणि निवाडा दिला. जुलै 2022 मध्ये लक्झेंबर्गमध्ये पेट्रोनास या मलेशियाच्या सरकारी तेल कंपनीच्या दोन उपकंपन्यांवर जप्ती आली.

जून 2023 मध्ये पॅरिसच्या अपील कोर्टाने सांगितलं की स्टाम्पा यांना अधिकारच नव्हता. ब्रिटिश कॉन्सलची निवड हाच त्या कलमाचा जीव होता, तो गेला तिथे कलमही गेलं. नोव्हेंबर 2024 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च कोर्टाने हेच कायम केलं. स्पेनमध्ये तर कोर्टाचा आदेश मोडल्याबद्दल स्टाम्पा यांनाच सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि वर्षभर लवाद म्हणून काम करायला बंदी.

या सगळ्याचा खर्च कोणी केला, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. लंडनच्या थेरियम या कंपनीने. दुसऱ्याच्या दाव्यात पैसे लावायचे, जिंकलं तर हिस्सा घ्यायचा, असा हा धंदा. गरिबाला बड्या सरकारशी लढायला यातून बळ मिळतं हे खरं. पण साबाहमधल्या कोळ्याला किंवा मळ्यातल्या मजुराला, ज्यांच्या तिजोरीतून हे पैसे जाणार होते, कोणी काही विचारलं नाही. लवादाची सुनावणी बंद दाराआड चालते, तेव्हा विचारणार तरी कोण? नायजेरियाविरुद्धचा 1100 कोटी डॉलरवर गेलेला निवाडाही लंडनच्या हायकोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये अशाच मोठ्या कारणासाठी अडवला. त्यामागे लाचखोरी आणि फसवणूक निघाली.

आता हे आपल्या घरापासून फार लांबचं वाटेल. पण कोकणातल्या किती घरांत दुबई, मस्कत, दम्मामचा व्यापार आहे, हे वाचकांना आम्ही काय सांगायचं! माल पुरवठ्याच्या, मजूर पुरवण्याच्या करारात शेवटच्या पानावर लवादाचं कलम असतं आणि ते कोणी वाचत नाही. तिथेही 'लवाद नेमणाराच गेला' असा प्रकार झालाय. सप्टेंबर 2021 मध्ये दुबईच्या शासकांनी हुकूम काढून डीआयएफसी-एलसीआयए ही लवाद संस्था बंद केली आणि तिचं काम दुबई इंटरनॅशनल आर्बिट्रेशन सेंटरकडे दिलं. हजारो मैलांवर अमेरिकेत लुईझियानाच्या कोर्टाने 2023 मध्ये म्हटलं, संस्थाच नाही तर लवाद कसला. सौदीतल्या तेलाच्या कामाचं ते भांडण होतं. 2025 च्या जानेवारीत वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. संस्थेचं नाव हा करारातला तपशील असू शकतो, लवादाला जाण्याची संमती त्याहून मोठी असू शकते, असा त्याचा रोख. पॅरिसने उलट म्हटलं होतं, हे लक्षात घ्या. दोन्ही कोर्टांना एकच प्रश्न होता: सही करणाऱ्यांना नेमकं काय हवं होतं? 1878 चा सुलतान आणि ब्रिटिश कॉन्सल यांच्याबाबत पॅरिसचं उत्तर आम्हाला पटतं. व्यापारी कंपन्यांच्या छापील कलमाबाबत अमेरिकेचं.

भारतातलं कोर्ट यात किती उपयोगी पडेल? नोव्हेंबर 2024 मध्ये काबूलची एक कंपनी मायक्रोमॅक्सच्या दुबईतल्या कंपनीविरुद्ध लवाद नेमून मागायला आपल्या सुप्रीम कोर्टात आली होती. करारात लवाद दुबईत होईल असं लिहिलं होतं. कोर्टाने सांगितलं, हे ठिकाण म्हणजे नुसती बैठकीची खोली नव्हे, तिथलाच कायदा आणि तिथलीच कोर्टं लागू, आमच्याकडे येऊ नका.

तेव्हा शेवटच्या पानावर संस्थेचं नाव आणि शहर, दोन्ही बघा. 2021 च्या आधीच्या करारावर डीआयएफसी-एलसीआयए असेल, तर समोरच्याकडून दुरुस्तीचं एक पत्र आत्ताच, भांडण नसताना, लिहून घ्या.