कारणे दाखवा

हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला, पण नवऱ्याकडून होणारा छळ हे त्यात घटस्फोटाचं कारण ठरायला १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. तोवर छळ सोसणाऱ्या बाईला फार तर वेगळं राहण्याचा हुकूम मिळे. परस्परसंमतीची सोयही त्याच दुरुस्तीतली. नवरा राजी नसेल तर मात्र आजही बहुधा त्याचा दोष सिद्ध करावा लागतो. ‘इथे आता जीव रमत नाही’ हे वाक्य कुठल्याच कलमात बसत नाही. कोर्टाचं एक वेळ समजू शकतं, त्याला पोटगी आणि मुलांचा ताबा ठरवायचा असतो. आमची तक्रार कथा-कादंबरीबद्दल आहे. संसारातून बाहेर पडू पाहणाऱ्या नायिकेला मराठी लेखकही ‘कारणे दाखवा’ची नोटीस बजावतो, आणि मग तिची दया येऊन कारण स्वतःच पुरवतो. नवरा दारुडा निघतो, संशयी निघतो, नाहीतर दुसरीकडे गुंतलेला.

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून जब्बार पटेलांनी केलेला ‘उंबरठा’ (१९८२) या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. सुलभा महाजनचं घर सधन, नवरा वकील, सुसंस्कृत. मारहाण नाही, हुंड्याचा तगादा नाही. तिला फक्त स्वतःचं काम हवं आहे, म्हणून ती लहान मुलीला जावेवर सोपवून संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक होते. इथवर चित्रपट विलक्षण धीट आहे. पण ती परत येते तेव्हा नवरा आपल्या आयुष्यात दुसरी बाई आल्याचं सांगतो, आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो: चला, आता हिने जायला हरकत नाही! स्मिता पाटीलचा शेवटचा आगगाडीतला चेहरा विसरता येत नाही, हे खरं. तरी वाटतं, नवरा एकनिष्ठ राहिला असता तर तिला त्या गाडीत बसवायचं धाडस झालं असतं का?

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: कारणाशिवाय घर सोडणारी बाई ही सगळी इब्सेनची उसनवारी. त्याचं ‘डॉल्स हाउस’ हे नाटक १८७९ चं, अनंत काणेकरांनी ते ‘घरकुल’ म्हणून मराठीत आणलं, हे मान्य. पण युरोपलाही ते सहज पचलं नव्हतं. जर्मनीतल्या एका नटीने मुलांना सोडून जाणारी नायिका नोरा करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनला नाइलाजाने तिला घरातच ठेवणारा शेवट लिहून द्यावा लागला. आणि आपल्याकडे काडीमोड हा शब्द इब्सेनच्या कितीतरी आधीचा आहे. पंचांसमोर गवताची काडी मोडली की संबंध तुटला. अनेक जातींत ही रीत होती, आणि रूढीने चालत आलेला असा घटस्फोट १९५५ च्या कायद्यानेही अबाधित ठेवला. छापील मराठी कादंबरी बराच काळ ज्या घरांतून आली तिथे ही रीत नव्हती, एवढंच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कारणाशिवाय कथा उभी कशी राहील? वाचकाला पटायला नको का? पटायला हवंच. पण कारण वेगळं आणि गुन्हेगार वेगळा. गौरी देशपांडे यांचं ‘एकेक पान गळावया’ १९८० मध्ये आलं, आणि तेव्हापासून त्यांच्या नायिकांचे नवरे सहसा शिकलेले, समंजस, कधी कधी तर हेवा वाटावा असे. तरी त्या बायका अस्वस्थ आहेत, आणि ती अस्वस्थता वाक्यावाक्यातून पटते. त्यावर टीका झाली ती ‘हिला सुख दुखतंय’ या चालीची. सुखवस्तू बाईचे हे चोचले, असं म्हणणाऱ्यांनी एक विचार करावा: सुखवस्तू पुरुषाला विरक्ती आली की आपण त्याला चिंतनशील म्हणतो. मुलांचं काय, हा प्रश्न मात्र खरा आहे. तो कादंबरीने टाळू नये, त्यात शिरावं.

खलनायक हाताशी असला की लेखकाचं काम सोपं होतं आणि बाईचं म्हणणं लहान होतं. तिला काय हवं होतं हे बाजूला पडतं, तिच्यावर काय गुदरलं एवढंच उरतं. तेव्हा लेखक-लेखिकांना विनंती, पुढच्या दिवाळी अंकासाठी अशी एखादी कथा जरूर पाठवा. नवरा त्यात भला माणूस असला तरी चालेल.