शब्दाचे कूळ आणि श्रद्धेचे मूळ

१/ ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याच्या टेकडीवर जत्रा सुरू होते. खारदांड्याच्या कोळ्यांना ती टेकडी परकी नाही. तेथे जाणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसेच हिंदूही. कॅथलिक चर्चच्या लेखी ती माऊंट मेरी. कोळ्यांच्या ओठांवर मात्र ‘मोत माउली’. अशा नावांवर आज दोन बाजूंनी चाल होत आहे. #थ्रेड

२/ एक पक्ष म्हणतो : शब्द आमचा, म्हणून देवही आमचा, ख्रिस्ती धर्म निव्वळ उसनवारी. दुसरा, ख्रिस्ती शुद्धिवाद्यांचा पक्ष म्हणतो : शब्द मूर्तिपूजकांचा, म्हणून तो टाकावा. वैर मोठे, परंतु गृहीतक एकच : शब्दाचे कूळ तेच श्रद्धेचे मूळ.

३/ प्रथम पहिला पक्ष. पु. ना. ओक यांनी ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ आणि ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ असे मांडले. वस्तुतः ‘ख्रिस्तोस’ हा ग्रीक शब्द, अर्थ ‘अभिषिक्त’. हिब्रू ‘माशियाह’चे ते भाषांतर असून येशूच्या जन्मापूर्वीच ज्यूंच्या ग्रीक धर्मग्रंथात आले होते. ‘कृष्ण’ म्हणजे काळा. अर्थ वेगळा, धातू वेगळा. उरतो केवळ ध्वनीचा भास.

४/ आता दुसरा पक्ष. ‘आमेन’ म्हणजे म्हणे इजिप्तचा देव आमुन! परंतु हिब्रूत ‘आमेन’ ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ दृढ, विश्वासार्ह असणे. आमुन या देवाचा उल्लेख यिर्मयाच्या ग्रंथात (४६:२५) येतो, तो शासन होणारा परका देव म्हणून. ज्यांनी तो ग्रंथ जपला, ते प्रार्थनेच्या शेवटी त्याच देवाला हाक मारीत होते काय?

५/ तथापि प्रत्येक दावा खोटा नसतो, आणि खरी परीक्षा येथेच आहे. ‘मार्टिन’मध्ये रोमन युद्धदेव मार्स आहे. ‘डेनिस’मध्ये ग्रीक डायोनिसस आहे. ‘इसिडोर’ म्हणजे इसिस देवीचे दान. ही तिन्ही नावे ख्रिस्ती संतांची. मग हे संत मूर्तिपूजक ठरले काय?

६/ सहाव्या शतकात ब्रागाच्या बिशपाने वारांना रोमन देवांची नावे देण्यास कडाडून विरोध केला. पोर्तुगीज भाषेत सोमवार ते शुक्रवार हे ‘दुसरा’, ‘तिसरा’ असे क्रमांकाने ओळखले जातात. त्याचे श्रेय सहसा त्यालाच देतात. त्या बिशपाचे नाव? मार्टिन! मार्सचा वार त्याने पुसू पाहिला. स्वतःच्या नावातला मार्स मात्र राहिला. म्हणून त्याच्या श्रद्धेविषयी कोणी शंका घेतली नाही.

७/ १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी त्याच पोर्तुगीजांकडे गेली. तरी येथील मराठी ख्रिस्ती माणूस मिस्सेला जातो तो ‘रविवारी’च. वारात सूर्य आहे, प्रार्थनेत नाही.

८/ इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले : मराठी भाषा, ओवी छंद, सुमारे ११ हजार ओव्या. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ योजले. त्यामुळे ग्रंथ वैष्णव झाला नाही; ख्रिस्ती कथा मराठी कानाला कळू लागली, एवढेच.

९/ शब्दाचा उगम इतिहास सांगतो. शब्दाचा अर्थ तो वापरणारा ठरवतो. ‘माउली’ म्हणत वारकरी ज्ञानोबांना हाक मारतो, कोळीण मेरीला. कोणी कोणाचे चोरले नाही. दोघांनी आईसाठी असलेला आपल्या भाषेतला शब्दच उचलला.

१०/ व्युत्पत्ती हे ज्ञानाचे साधन आहे. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यावर जप्ती आणण्याचे ते वॉरंट नव्हे. ‘शब्द आमचा’ म्हणून मेरीवर हक्क सांगणारा आणि ‘शब्द त्यांचा’ म्हणून माउलीला गप्प करणारा, दोघेही त्या कोळिणीकडून एकच गोष्ट हिरावतात : आपल्या भाषेत प्रार्थना करण्याचा अधिकार.