लांबी आणि लय : उत्तरकालीन आयर्न मेडनच्या निमित्ताने

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या चाहत्यांत गेली 25 वर्षे एक भांडण चालू आहे आणि ते मिटण्याची चिन्हे नाहीत. एका पक्षाचे म्हणणे असे, की 2000 नंतरचा मेडन हा मेडन राहिलेलाच नाही. गाणी लांबली, संथ झाली, जे ते गाणे हळुवार तारा छेडत सुरू होते आणि तशाच तारा छेडत संपते. चार मिनिटांत छातीत धडकी भरवणारा तो जुना आवेग कुठे गेला? दुसरा पक्ष म्हणतो, हा विकास आहे. साठी ओलांडलेल्या कलावंतांनी विशीतल्या स्वतःची नक्कल करत बसावे ही अपेक्षाच मुळात कलाविरोधी आहे. या भांडणात मी वेगवेगळ्या वयांत दोन्ही बाजूंनी बोललो आहे, आणि आता मला असे वाटू लागले आहे, की दोन्ही पक्षांनी हातात धरलेला शब्दच चुकीचा आहे. तो शब्द म्हणजे 'प्रोग्रेसिव्ह'. एक पक्ष तो शिवीसारखा वापरतो, दुसरा पदकासारखा. गाण्यात प्रत्यक्ष काय घडते याकडे मात्र दोघांचेही लक्ष नाही.

आधी इतिहास पाहू. बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने 1975 साली पूर्व लंडनमध्ये हा बँड उभा केला. त्याचा कान घडला तो जेथ्रो टल, जेनेसिस, येस या मंडळींच्या संगीतावर, म्हणजे लांब पल्ल्याच्या, अनेक अंगांनी फिरणाऱ्या, मध्येच ताल बदलणाऱ्या प्रोग्रेसिव्ह रॉकवर. 1980 साली पहिला अल्बम आला तेव्हा इंग्लंडात पंकची हवा अजून पुरती ओसरली नव्हती. तीन मिनिटांत गाणे संपवणे हाच प्रामाणिकपणा मानला जात होता. त्या अल्बममध्ये 'फँटम ऑफ द ऑपेरा' हे सात मिनिटांचे, चार-पाच वळणे घेणारे गाणे आहे. 1983 साली 'द ट्रूपर'च्या मागच्या बाजूला बँडने जेथ्रो टलचेच एक गाणे वाजवले. 1986च्या 'समव्हेअर इन टाइम'मध्ये गिटार-सिंथेसायझर आले, 1988च्या 'सेव्हन्थ सन ऑफ अ सेव्हन्थ सन'मध्ये कीबोर्ड आले आणि सबंध अल्बमला एका कथासूत्राने बांधले गेले. तेव्हाही नाके मुरडली गेलीच होती. आज ते दोन्ही अल्बम 'जुन्या चांगल्या दिवसां'त जमा आहेत. तेव्हा 'मेडन प्रोग्रेसिव्ह झाला' हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही.

पण येथेच थांबून 'तो तर पहिल्यापासून तसाच होता' असे म्हणत समर्थकांनी विजय साजरा करावा, हेही मला मान्य नाही. कारण काहीतरी खरोखरच बदलले आहे, आणि ते काय हे नेमके सांगता आले पाहिजे.

त्यासाठी 1984 सालच्या 'पॉवरस्लेव्ह' या अल्बममधले शेवटचे गाणे घेऊ : 'राइम ऑफ द एन्शन्ट मरिनर'. कोलरिजची ही कविता 1798 सालची. इंग्रजी विभागातले आपले सहकारी ती वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत, आणि तिच्यावर एका मेटल बँडने साडेतेरा मिनिटांचे गाणे केले आहे हे त्यांना सांगितले की ते प्रथम हसतात. (शब्दांपुरते त्यांचे हसणे मी समजू शकतो. हॅरिसने बहुतेक ठिकाणी कवितेचा सारांशच केला आहे, आणि कोलरिजची गूढता सारांशात उरत नाही.) पण संगीताची गोष्ट वेगळी आहे. गाणे सुरू होते ते मेडनच्या ओळखीच्या दौडीने. जहाज निघाले आहे, ऐकणाराही त्याच्यासोबत निघाला आहे. पक्षी मारला जातो, शाप लागतो, खलाशी एकामागून एक मरून पडतात, आणि तेथे संगीत थांबते. ड्रम नाहीसे होतात. उरते ते बासचे अस्फुट वाजणे, लाकडी जहाजाची कुरकुर आणि कोलरिजच्या मूळ ओळी वाचणारा एक आवाज. मेटलच्या गाण्यात इतका वेळ जवळजवळ काहीच घडत नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अस्वस्थ करते. मग फार सावकाश, पायरी पायरीने, गाणे पुन्हा उभे राहते आणि सुटते.

ही स्थिरता अर्थपूर्ण होते, कारण तिच्या आधी गती आहे. जहाज थांबले म्हणून गाणे थांबले. लांबी कथेच्या गरजेतून आली. साडेतेरा मिनिटांतले मिनिटभर काढायचे म्हटले तर कुठले काढावे हे सांगता येणार नाही.

आता उत्तरकाळ. 1993 साली बँड सोडून गेलेला गायक ब्रूस डिकिन्सन आणि त्याच्याही आधी गेलेला गिटारवादक एड्रियन स्मिथ 1999 साली परतले. यानिक गर्स होताच, त्यामुळे डेव्ह मरेसह तीन गिटार झाल्या. 2000 साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला तो 67 मिनिटांचा. 2006चा 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' 72 मिनिटांचा, 2015चा 'द बुक ऑफ सोल्स' तब्बल 92 मिनिटांचा, आणि 2021चा 'सेन्जुत्सु' 82 मिनिटांचा. 1982चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' 40 मिनिटांच्या आतबाहेर संपतो. हा फरक केवळ वृत्तीचा नाही, वस्तूचाही आहे. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांपलीकडे नीट आवाज मावत नसे. काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा अर्धा निर्णय ती तबकडीच करत असे. सीडीने ही मर्यादा सैल केली. दुसरा निर्णय करणारा माणूस म्हणजे निर्माता मार्टिन बर्च. 1981 ते 1992 या काळातले सगळे अल्बम त्याच्या हाताखालून गेले, आणि मग तो निवृत्त झाला. पुढच्या काळात निर्मितीत हॅरिसचा स्वतःचा हात वाढला. 2000पासून केव्हिन शर्ली हा निर्माता आहे, पण हॅरिससमोर बसून 'हे कडवे पुन्हा का?' असे विचारणारे कोणी त्या खोलीत नसावे अशी शंका ऐकताना वारंवार येते. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मेडनला उत्तरायुष्यात एखादे श्री. पु. भागवत भेटायला हवे होते. हस्तलिखित चार वेळा परत आले असते, आणि चौथ्यांदा नऊ मिनिटांचे गाणे सहा मिनिटांचे होऊन छापले गेले असते.

दोष आहे तो पुनरावृत्तीत. त्याचे मूळ 2000 नंतर नाही, त्याच्याही आधी आहे. ब्लेझ बेली गात असतानाच्या 1998 सालच्या 'द एंजल अँड द गॅम्बलर'मध्ये धृपदाची एकच ओळ इतक्यांदा येते, की श्रोता मोजू लागतो. आणि श्रोता मोजू लागला की गाणे संपले. 2006चे 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' हे गाणे आशयाने गंभीर आहे, धर्माच्या नावाने होणाऱ्या युद्धांविषयी आहे, पण शीर्षकाच्याच शब्दांची आवर्तने त्याचा आशय झिजवत नेतात. मर्ढेकरांनी लयीची तीन तत्त्वे सांगितली : संवाद, विरोध आणि समतोल. वर्गात ती शिकवताना मुलांच्या चेहऱ्यावर जो कंटाळा दिसतो तो घालवायला मला या दोन गाण्यांइतका उपयोगी नमुना सापडलेला नाही. 'मरिनर'मध्ये दौड आणि स्तब्धता यांचा विरोध आहे आणि शेवटी त्याचा समतोल साधला जातो. 'गॅम्बलर'मध्ये नुसता संवाद आहे, सारख्याला सारखे जोडत जाणे आहे. वेळ दोन्हीकडे भरपूर घेतला आहे, पण एकीकडे तो घडतो, दुसरीकडे नुसता जातो.

हळुवार सुरुवात आणि हळुवार शेवट या चौकटीविषयी जी तक्रार केली जाते तीही अशीच तपासून पाहावी लागते. चौकट सवयीची झाली आहे हे खरे. पण चौकट हाच गुन्हा असता तर 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स' उभे राहिले नसते. 'द बुक ऑफ सोल्स'मधले हे शेवटचे गाणे 18 मिनिटांचे आहे, बँडच्या सगळ्या कारकिर्दीतले सर्वांत लांब. आणि ते हॅरिसचे नाही, डिकिन्सनने पियानोवर बसून रचलेले आहे. विषय आहे आर-101 या ब्रिटिश हवाई जहाजाच्या अपघाताचा. 1930च्या ऑक्टोबरमध्ये हे अवाढव्य जहाज इंग्लंडमधल्या कार्डिंग्टनहून तेव्हाच्या हिंदुस्थानात, कराचीला यायला निघाले. साम्राज्य आकाशमार्गे जोडण्याचा तो मनसुबा होता. खुद्द हवाईमंत्री लॉर्ड थॉमसन जहाजात होते. फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते कोसळले आणि 54 जणांपैकी 48 जण गेले. कराचीत त्याच्यासाठी उभारलेला प्रचंड तबेला रिकामाच राहिला. गाणे पियानोने सुरू होते आणि पियानोनेच संपते, म्हणजे तीच बदनाम चौकट. पण मधल्या काळात जहाज चढते, डगमगते, संकटसंदेशाच्या तुटक ठोक्यांवर सगळी वाद्ये येऊन आदळतात, आणि त्यानंतर परतणारा पियानो पहिला पियानो नसतो. सूर तेच, पहिल्यांदा ते प्रस्थानाचे असतात, दुसऱ्यांदा शोकाचे. याला मी पुनरावृत्ती म्हणणार नाही.

'सेन्जुत्सु'च्या शेवटी हॅरिसची एकट्याची तीन गाणी ओळीने येतात, तिन्ही दहा मिनिटांपेक्षा मोठी. पहिल्या दोहोंसाठी मी भांडणार नाही. तिसऱ्यासाठी, 'हेल ऑन अर्थ'साठी, भांडेन. तेथेही सुरुवात दीर्घ आणि संथ आहे, पण त्या संथपणात पुढच्या वेगाचे बीज आहे. मध्ये गाणे जवळजवळ कुजबुजीवर येते आणि तेथून जे वर चढते त्याला तोड नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस पृथ्वीकडे पाहून जे म्हणेल ते तो येथे म्हणतो. विशीत हे गाणे त्याला सुचले नसते.

आपल्या, म्हणजे मराठीच्या, लोकांना हे सगळे परके वाटू नये. 2010 साली नेमाड्यांची 'हिंदू' आली तेव्हा स्टाफरूममध्ये ऐकलेली वाक्ये मला आठवतात. 'कोसला'तला तो पांडुरंग कुठे, आणि हा पसारा कुठे! बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पुस्तक पुरे केले नव्हते. पसारा आहे की नाही हा प्रश्न रास्तच होता, मीही तो विचारतो. पण त्यांना पसाऱ्याशी काही देणेघेणे नव्हते; त्यांना 1963 साल परत हवे होते, किंबहुना आपली स्वतःची वीस-बावीस वर्षे परत हवी होती. उलट बाजूने, 'लेखक प्रयोगशील झाला' एवढेच लिहून उत्तरपत्रिकेत पाच गुण मागणारा विद्यार्थीही तितकाच आळशी.

1 फेब्रुवारी 2008 रोजी मेडन मुंबईत आला. जगदौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर झाली. बँडचे विमान डिकिन्सन स्वतः चालवत आला होता. त्याच्या दीडच वर्ष आधीच्या दौऱ्यात बँडने 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ' पहिल्यापासून शेवटपर्यंत, दहाच्या दहा गाणी, वाजवला होता आणि ठिकठिकाणी श्रोत्यांची नाराजी ओढवून घेतली होती. मुंबईत 1992 नंतरचे एकही गाणे नव्हते. मी तेव्हा खूश झालो, हे कबूल केले पाहिजे. 'मरिनर' लागले, मधली स्तब्धता आली, आणि माझ्याभोवतीची मुले, जी त्या अल्बमच्या वेळी जन्मलीही नव्हती, एक शब्द न बोलता उभी राहिली. तेरा मिनिटे कोणालाच लांब वाटली नाहीत.

2025 साली, बँडला 50 वर्षे झाल्यानिमित्त सुरू झालेल्या दौऱ्यातही पहिल्या नऊच अल्बममधली, म्हणजे 1980 ते 1992 या काळातली गाणी घेतली गेली. यादीत 'फँटम' आहे, 'मरिनर' आहे, दहा मिनिटांचे 'सेव्हन्थ सन' आहे. लांब गाण्यांना विटलेले म्हणवणारे चाहते ही तिन्ही गाणी ऐकायला तिकिटे काढून जातात. 2023च्या दौऱ्यात 'हेल ऑन अर्थ' होते, शेवटाकडच्या मानाच्या जागी होते. ते या यादीतून गेले. मुंबईच्या त्या मैदानावर 'मरिनर' वाजले तेव्हा ते 24 वर्षांचे होते आणि आम्ही त्याला अभिजात म्हणत होतो. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ला 2025 साली 25 वर्षे झाली; त्यातली गाणी चाहत्यांच्या बोलण्यात अजून 'नवीन'च आहेत.