जागा चार, कायदे मात्र त्यांचेच

पाकिस्तानातल्या धर्मांधतेचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे "त्यांच्या धर्मातच आहे ते." दुसरं, "अमेरिकेने आणि सौदीच्या पैशाने वाट लावली." दोन्ही उत्तरं सोयीची आहेत, कारण एकदा ती दिली की पुढे काही वाचायची गरज उरत नाही. मला मात्र दोन्ही पटत नाहीत.

आधी साधा प्रश्न. तिथले लोक मौलवींना निवडून देतात का? १९७० च्या निवडणुकीत जमात-ए-इस्लामी मोठ्या तयारीने उतरली होती. राष्ट्रीय असेंब्लीच्या ३०० जागांपैकी तिला मिळाल्या फक्त ४! २००२ मध्ये सरहद्द प्रांतात धार्मिक पक्षांच्या आघाडीचं सरकार आलं खरं, पण देशभरात हे पक्ष बहुमताच्या जवळपासही कधी गेले नाहीत. मग इतके कडक धार्मिक कायदे आले कुठून?

१९७० मध्ये पश्चिम पाकिस्तानात जिंकले ते झुल्फिकार अली भुट्टो. बर्कले आणि ऑक्सफर्डला शिकलेले, समाजवादाच्या घोषणा देणारे. याच भुट्टोंच्या काळात १९७४ ला घटनेत दुसरी दुरुस्ती झाली आणि अहमदिया पंथाचे लोक मुसलमान नाहीत असं थेट राज्यघटनेने ठरवलं. प्रा. अब्दुस सलाम अहमदिया होते, त्यांनी निषेध म्हणून देश सोडला. पाच वर्षांनी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढे १९७७ मध्ये निवडणुकीतल्या गैरप्रकारांवरून आंदोलन पेटलं, तेव्हा भुट्टोंनी दारू आणि जुगारावर बंदी आणली, शुक्रवारची सुट्टी जाहीर केली. खुर्ची काही वाचली नाही. ५ जुलै १९७७ ला जनरल झियांनी सत्ता घेतली आणि १९७९ मध्ये भुट्टोंना फाशी झाली.

झियांची अडचण आणखी मोठी होती. त्यांना कुणीच निवडून दिलं नव्हतं. ९० दिवसांत निवडणुका घेतो म्हणाले आणि ११ वर्षं राहिले. डिसेंबर १९८४ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं, त्यातली गंमत बघा. प्रश्न साधारण असा, की देशाचे कायदे इस्लामनुसार करायला तुमचा पाठिंबा आहे का? 'हो' म्हटलं की झिया आणखी पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. आता याला 'नाही' कोण म्हणणार? सरकारी आकड्यानुसार ९८ टक्क्यांच्या आसपास लोकांनी 'हो' म्हटलं. धर्माचा राजकीय उपयोग म्हणजे काय, हे यापेक्षा सोप्या शब्दांत सांगता येणार नाही. हुदूद कायदे १९७९ चे, अहमदियांवर आणखी बंधनं घालणारा अध्यादेश १९८४ चा आणि पैगंबरांच्या अवमानाला मृत्युदंड सांगणारं २९५-क कलम १९८६ चं. सगळं याच माणसाच्या कारकिर्दीतलं.

अफगाण युद्ध, डॉलर्स, सौदीचा पैसा यांनी आगीत तेल ओतलं, यात शंका नाही. पण तारखा बघा. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात आल्या डिसेंबर १९७९ मध्ये. दुसरी घटनादुरुस्ती त्याच्या पाच वर्षं आधीची. आणि १९५३ मध्येच लाहोरात अहमदियाविरोधी दंगलींमुळे लष्करी कायदा लावावा लागला होता. त्या दंगलींची चौकशी न्या. मुनीर यांच्या समितीने केली. समितीने वेगवेगळ्या उलेमांना विचारलं, मुसलमान कुणाला म्हणायचं? कुठल्याही दोघांची व्याख्या जुळली नाही! १९५४ च्या त्या अहवालात धोका स्पष्ट लिहिलेला होता. पण वीस वर्षांनी संसदेने तेच काम अंगावर घेतलं.

"धर्मातच आहे" म्हणणाऱ्यांसाठी सुदानचं उदाहरण. तिथले लष्करशहा निमेरी आधी डाव्यांबरोबर होते. सत्ता डळमळायला लागली तेव्हा, म्हणजे १९८३ मध्ये, त्यांना शरिया आठवला. १९८५ मध्ये त्यांनी महमूद मोहम्मद ताहा या वृद्ध सुधारणावादी विचारवंताला फाशी दिलं. तीनच महिन्यांत स्वतःही गेले. धर्म तोच होता, बदलली होती ती राज्यकर्त्याची गरज.

मग असे कायदे मागे का घेता येत नाहीत? आमच्या धंद्यात तात्पुरता म्हणून टाकलेला पॅच पुढे काढता येत नाही, कारण तोवर त्याच्यावर बरंच काही उभं राहिलेलं असतं. तसंच काहीसं. मुशर्रफ लष्करप्रमुख होते, पण २००० मध्ये ईशनिंदेच्या कायद्यात नुसती कार्यपद्धती बदलायला गेले आणि विरोध होताच माघार घेतली. पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर या कायद्यावर टीका करायचे. जानेवारी २०११ मध्ये त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या, आणि कोर्टात आणलेल्या त्या खुन्यावर वकिलांनी गुलाबपाकळ्या उधळल्या. वकिलांनी! मला सगळ्यात जास्त हेच खुपतं. २०१७ मध्ये उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रातले शब्द बदलले म्हणून फैजाबादच्या चौकात धरणं धरलं गेलं आणि कायदामंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. २०१८ मध्ये अर्थतज्ज्ञ आतिफ मियाँना सल्लागार मंडळावर नेमून इम्रान खान सरकारने काही दिवसांतच काढलं, कारण ते अहमदिया. त्याच वर्षी तहरीक-ए-लब्बैकला २२ लाखांच्या आसपास मतं पडली. राष्ट्रीय असेंब्लीत जागा एकही नाही. पण जागांची गरजच काय? रस्ता त्यांचा आहे.

म्हणजे आज तिथे लोकांचा दबाव नाही असं माझं म्हणणं नाही. दबाव आहे, आणि खरा आहे. पण तो तयार व्हायला चाळीस-पन्नास वर्षं लागली, आणि तयार करणाऱ्यांत मौलवींइतकेच टाय लावणारे नेते आणि गणवेशातले जनरल होते. प्रत्येकाला वाटलं, थोडंसं देऊन टाकू, गप्प बसतील. गप्प कुणी बसलं नाही, पुढच्या वेळी मागणी वाढली.

निराश होण्यासारखं सगळंच आहे असंही नाही. २००६ मध्ये हुदूद कायद्यातला बलात्काराचा गुन्हा पुन्हा साध्या दंडसंहितेत आणला गेला, आणि चार साक्षीदारांचं भूत बऱ्याच अंशी उतरलं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने आसिया बीबीला निर्दोष सोडलं. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांना उघड धमक्या आल्या, तरीही निकाल टिकला. म्हणजे पाऊल मागे घेता येतं, फक्त त्याची किंमत दर वर्षी वाढत जाते. म्हणून कुठल्याही देशातला नेता अचानक धर्माच्या रक्षणाची भाषा बोलायला लागला की मी धर्मग्रंथ उघडत नाही. त्याची खुर्ची किती हलतेय, ते आधी बघतो.